ओट्यावरची ट्यूब : शिवडीच्या चाळीत उजेड कसा आला आणि तो दुरुस्त कसा होत असे

स्वयंपाकाच्या ओट्यावरची ट्यूबलाइट बिघडली, की गिरणगावातल्या खोल्यांत एक ठरलेला क्रम चाले. आधी कोणीतरी स्टुलावर चढून नळी होल्डरमध्ये पाव वळसा मागेपुढे फिरवी. तेवढ्याने भागले नाही, तर पट्टीच्या कडेला बसवलेला अंगठ्याएवढा स्टार्टर काढून शेजारच्या खोलीतला चालू स्टार्टर तिथे लावून पाहिला जाई. तरीही अंधारच राहिला, तर नळीची काळवंडलेली टोके पाहून ‘ट्यूबच गेली’ असा निकाल दिला जाई. चोकवर संशय घेण्याची पाळी सर्वांत शेवटी येई, कारण चोक महाग. हा क्रम कोणत्याही शाळेत शिकवला जात नव्हता. तरी शिवडी, लालबाग, परळ, नायगाव येथल्या असंख्य घरांना तो पाठ होता.

आजच्या धाग्याचा विषय ही दुरुस्ती आहे. विषय क्षुल्लक वाटेल. पण मुंबईच्या विजेचा इतिहास बहुधा ट्राम, गिरण्या आणि रेल्वे यांच्या अंगाने सांगितला जातो. तोच इतिहास एका खोलीतल्या स्वयंपाकाच्या कोपऱ्यात उभे राहून पाहिला, तर त्याचा कालक्रम बदलतो. वीज शहरात आली ते वर्ष आणि वीज भाकरी थापणाऱ्या हातांपर्यंत पोहोचली ते वर्ष, यांत अनेक घरांच्या बाबतीत निम्म्या शतकाचे अंतर पडते.

शिवडीचे नाव काढले की आज फ्लेमिंगो आणि २०२४ साली खुला झालेला अटल सेतू आठवतो. इतिहासप्रेमींना १६८० चा किल्ला आठवतो. पण विसाव्या शतकातल्या मुंबईसाठी शिवडी म्हणजे प्रामुख्याने गोदी, कापूस आणि तेल. पोर्ट ट्रस्टच्या जमिनीवर, खाडीच्या कडेला, तेल कंपन्यांच्या मोठमोठ्या टाक्या उभ्या राहिल्या. घरोघरी दिव्यात आणि स्टोव्हमध्ये जळणारे रॉकेल हा या व्यापारातला मोठा जिन्नस होता. ‘रॉकेल’ हा शब्दही या व्यापाराचेच अपत्य : ‘रॉक ऑइल’ मराठी तोंडात बसले आणि त्याचे रॉकेल झाले. चार गॅलनचा चौकोनी पत्र्याचा डबा रिकामा झाला की तो टाकला जात नसे. त्याला लाकडी दांडा ठोकून पाणी भरण्यासाठी वापरले जाई. म्हणजे ज्या डब्यातून उजेड घरी आला, त्याच डब्यातून पुढे पाणी येत राहिले.

या उजेडाची साधने दोन. एक चिमणी, म्हणजे पत्र्याची छोटी डबी, कापसाची वात आणि उघडी ज्योत. दुसरा कंदील. १९१६ साली कराडजवळ ओगलेवाडी येथे सुरू झालेल्या ओगले काच कारखान्याचा ‘प्रभाकर’ कंदील महाराष्ट्रात घरोघरी पोहोचला. कंदील चिमणीपेक्षा कितीतरी सभ्य. त्याला काच असे, त्यामुळे ज्योत वाऱ्याने विझत नसे. मात्र ती काच रोज संध्याकाळी राखेने पुसावी लागे. दिव्याची निगा हे घरकामातले रोजचे काम होते आणि ते बहुधा मुलींच्या वाट्याला येई. पुढे ट्यूबच्या दुरुस्तीकडे आल्यावर हा मुद्दा पुन्हा लागेल.

आता शहरातल्या विजेकडे. मुंबईत विजेच्या दिव्यांनी उजळलेल्या पहिल्या इमारतींत क्रॉफर्ड मार्केटचे नाव येते, साल १८८२. १९०५ साली बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी, म्हणजे आजच्या ‘बेस्ट’ची पूर्वज, स्थापन झाली आणि १९०७ च्या मे महिन्यात विजेची ट्राम धावली. १९१५ मध्ये टाटांच्या खोपोली येथील जलविद्युत केंद्रातून वीज निघाली. तिचे मुख्य गिऱ्हाईक होत्या मुंबईच्या कापड गिरण्या. पाठ्यपुस्तकातला क्रम हा असा. त्यात प्रगती दिसते आणि ती खोटी नाही.

परंतु गिरणी कामगाराची विजेच्या दिव्याशी पहिली ओळख वेगळ्या कारणाने झाली. विजेचे दिवे येण्यापूर्वी गिरणीतला कामाचा दिवस सूर्याला बांधलेला असे : उजाडल्यावर सुरू, मावळल्यावर बंद. विसाव्या शतकाच्या आरंभी कापडाला तेजी आली आणि मालकांनी खात्याखात्यांत विजेचे दिवे बसवले, तेव्हा हे बंधन तुटले. दिवस चौदा-पंधरा तासांपर्यंत लांबला. १९०५ साली मुंबईत यावरून कामगारांचा असंतोष उफाळला, संप झाले, दंगे झाले. सरकारला चौकशी करावी लागली आणि अखेर १९११ च्या कारखाने कायद्याने कापड गिरण्यांतल्या प्रौढ पुरुषांच्या दिवसाला बारा तासांची मर्यादा घातली. बारा तास ही त्या काळी सवलत होती, हे ध्यानात घ्यावे. गिरणगावात विजेचा उजेड प्रथम आला तो यंत्रासाठी. माणसाला त्याचा अर्थ कळला तो अधिक काम एवढाच.

मग घरात काय होते? याचे उत्तर एका सरकारी आकडेवारीत सापडते. १९२१-२२ मध्ये मुंबई सरकारच्या कामगार कार्यालयाने फिंडले शिरास यांच्या देखरेखीखाली कामगारांच्या घरखर्चाची पाहणी केली. २,४७३ कुटुंबे आणि ६०३ एकटे पुरुष यांचा हिशेब मांडला गेला. त्यात आढळले की सुमारे ९७ टक्के कामगार कुटुंबे एकाच खोलीत राहतात. खर्चाची विभागणी अशी होती : अन्न ५६.८ टक्के, कपडे ९.६, घरभाडे ७.७, इंधन आणि दिवाबत्ती मिळून ७.४, उरलेले किरकोळ. या ‘इंधन आणि दिवाबत्ती’ गटात राहणीमानाच्या निर्देशांकासाठी तीन वस्तू धरल्या गेल्या : रॉकेल, जळाऊ लाकूड आणि कोळसा. विजेचा उल्लेखही नाही. शहरात ट्राम धावू लागून पंधरा वर्षे झाली होती, पण कामगाराच्या सरासरी घरात वीज ही मोजण्याजोगी वस्तू नव्हती. एखाद्या यादीत काय नाही, हे पाहायची सवय इतिहासाच्या विद्यार्थ्याने लावून घ्यावी ती अशा जागांसाठी.

याच काळात स्त्री कामगारांच्या स्थितीची पाहणी करणाऱ्या डॉ. बार्न्स या डॉक्टर बाईंनी केलेली एक नोंद १९२२ च्या ‘लेबर गॅझेट’मध्ये आली. चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर पंधरा फूट बाय बारा फुटांच्या एका खोलीत सहा कुटुंबे राहतात, असे त्यांना सांगितले गेले. त्यांनी खात्री कशी केली? जमिनीवरच्या चुली मोजल्या. सहा निघाल्या. बाळंतिणीसाठी आडोसा करायची जागा तीन फूट बाय चार फुटांची. रात्री सहा चुलींचा धूर त्या खोलीत कोंडत असे. दिव्याचा इतिहास लिहिताना हा धूर विसरता येत नाही. चुलीच्या धुरात चिमणीचा उजेड किती अंतर जात असेल, याची कल्पना करून पाहावी.

शिवडीच्या बी.डी.डी. चाळी याच वर्षांतल्या. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात १९२० साली स्थापन झालेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने कामगारांसाठी काँक्रीटच्या चाळी बांधायला घेतल्या. योजना पन्नास हजार खोल्यांची होती. प्रत्यक्षात २०७ इमारती आणि साधारण साडेसोळा हजार खोल्या उभ्या राहिल्या. वरळीला १२१, नायगावला ४२, डिलाईल रोडला ३२ आणि शिवडीला अवघ्या १२. तळमजला धरून चार मजले, प्रत्येक मजल्यावर मधल्या वाटेच्या दोन्ही अंगांना दहा-दहा खोल्या, खोलीचे क्षेत्रफळ १६० चौरस फूट, संडास सामायिक. स्वतंत्र स्वयंपाकघर हा प्रकार नाहीच. मोरीच्या शेजारचा कोपरा हेच स्वयंपाकघर.

आणि मग ३ फेब्रुवारी १९२५. त्या दिवशी बोरीबंदर ते कुर्ला या हार्बर मार्गावर भारतातली पहिली विजेवर चालणारी रेल्वेगाडी धावली, १५०० व्होल्टच्या तारांखाली. हा मार्ग शिवडीवरून जातो. म्हणजे त्या वर्षी शिवडीत एका बाजूला रॉकेलच्या टाक्या, मधून देशातली पहिली विजेची गाडी आणि अलीकडे कामगारांच्या खोल्यांत चिमण्या, असे तीन काळ एकाच वेळी नांदत होते. इतिहास टप्प्याटप्प्याने पुढे सरकतो असे मानणाऱ्याने १९२५ च्या शिवडी स्टेशनावर थोडा वेळ उभे राहायला हवे.

घरात वीज हळूहळू आली. ७ ऑगस्ट १९४७ रोजी ‘बेस्ट’ महानगरपालिकेच्या ताब्यात आली आणि पुढच्या दोन-तीन दशकांत कामगार वस्तीतल्या खोल्यांमध्ये मीटर बसत गेले. पहिला दिवा बहुतेक घरांत एकच असे : खोलीच्या मधोमध छतातून लोंबणारा पिवळा बल्ब. त्याने खोली उजळली, पण स्वयंपाकाचा कोपरा नाही. भिंतीकडे तोंड करून शेगडीपुढे बसलेल्या बाईच्या पाठीमागे बल्ब असला, की तिची स्वतःची सावली पातेल्यावर पडते. भात शिजला की नाही, तांदळात खडा आहे की नाही, हे सावलीत पाहायचे. त्यामुळे बल्ब आल्यावरही कित्येक घरांत कंदील काही काळ ओट्याशी टिकून राहिला. बल्बचा उजेड एका बिंदूतून येतो म्हणून सावली गडद पडते. चार फूट लांबीच्या नळीचा उजेड सर्व लांबीतून येतो आणि सावली विरळ होते. ट्यूब स्वयंपाकाच्या कोपऱ्यात आली तेव्हा तिने केलेला मोठा बदल हा होता. वीजबिलातली बचत हा त्यानंतरचा.

सावलीची ही अडचण शिवडीपुरती नव्हती. ट्यूब व्यापारी स्वरूपात प्रथम अमेरिकेत आली, १९३८ मध्ये, जनरल इलेक्ट्रिक कंपनीकडून. तिच्यामागे जर्मनीतल्या एडमुंड गेर्मर आणि त्याच्या सहकाऱ्यांचे १९२६ चे संशोधन आणि त्याआधीचा पीटर कूपर ह्युइटचा पाऱ्याच्या वाफेचा दिवा होता. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी स्वयंपाकघरांत ‘कुकिंग रेंज’ नावाचे अवजड धूड मिरवू लागले : खाली भट्टी, वर चार शेगड्या, मागे उभी पांढरी चिनीमातीच्या लेपाची पट्टी. त्या पट्टीवर अनेक कंपन्यांनी छोटी ट्यूब बसवली, कारण तिथल्या गृहिणीचीही सावली पातेल्यावरच पडत होती.

या रेंजच्या दिव्याला बहुधा स्टार्टर नसे. त्याऐवजी एक बटण असे. ते दोन-तीन सेकंद दाबून धरायचे, नळीची टोके लालसर झाली की सोडायचे. सोडताक्षणी नळी पेटते. आज हे जुने रेंज दुरुस्त करून वापरणारे हौशी लोक तिकडे आहेत आणि त्यांच्या तक्रारीही ठरावीक : बटणाच्या आतले संपर्क गंजलेले, चोकच्या तारांवरचे आवरण उष्णतेने तडकलेले, त्या मापाची नळी मिळेनाशी. शेगडीच्या डोक्यावर बसवलेला दिवा वाफ, तेल आणि उष्णता या तिन्हींचा मारा सोसतो. हे ओट्यावरच्या ट्यूबलाही चुकलेले नाही.

येथे या यंत्राचे मर्म थोडक्यात सांगितले पाहिजे, कारण त्याशिवाय दुरुस्तीचा क्रम समजत नाही. नळीत अत्यल्प पारा आणि थोडा निष्क्रिय वायू असतो. दोन्ही टोकांना बारीक तार असते. नळीतून वीज वाहू लागली की पाऱ्याची वाफ डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण सोडते आणि काचेच्या आतला पांढरा लेप त्या किरणांचे रूपांतर दृश्य प्रकाशात करतो. अडचण एवढीच, की थंड नळीतून वीज आपण होऊन वाहत नाही. आणि एकदा वाहू लागली की अनावर होते. पहिल्या अडचणीसाठी स्टार्टर, दुसरीसाठी चोक.

स्टार्टरच्या डबीत एक छोटा काचेचा फुगा आणि त्यात दोन धातूंची जोडपट्टी असते. बटण दाबताच फुग्यातला वायू चमकतो, पट्टी तापून वाकते, संपर्क जुळतो आणि वीज नळीच्या दोन्ही टोकांच्या तारांमधून जाऊन त्यांना लाल करते. संपर्क जुळल्यामुळे फुगा विझतो, पट्टी थंड होऊन सरळ होते आणि जोड तुटतो. तो तुटण्याच्या क्षणी चोक, म्हणजे लोखंडी पात्यांभोवती गुंडाळलेली तांब्याची तार, शेकडो व्होल्टचा एक धक्का देतो. नळी पेटते. पेटल्यावर स्टार्टरला काम उरत नाही. चोक मात्र वीज आवरत राहतो आणि त्याची पाती सैल झाली असतील तर रात्रभर घुं-घुं करतो. अमेरिकेतल्या रेंजवरचे बटण जे काम माणसाच्या बोटाकडून करून घेत होते, तेच काम स्टार्टर आपसूक करतो. फरक एवढाच.

आता सुरुवातीचा क्रम पुन्हा पाहावा. नळी पाव वळसा फिरवायची, कारण टोकांच्या दोन-दोन पिनांवर गंज चढलेला असतो आणि फिरवल्याने तो खरवडला जातो. शिवडी खाडीला लागून. खारी हवा पितळेला सोडत नाही. नळी पुन्हापुन्हा फडफडत असेल, तर स्टार्टर दुबळा किंवा नळी म्हातारी. दोन्ही टोके स्थिर लाल आणि मधला भाग काळोखा असेल, तर स्टार्टरचा संपर्क आत चिकटला आहे. अशा वेळी स्टार्टर नुसता बाहेर काढला तरी नळी पेटते आणि पाहणाऱ्या पोरांना ती जादू वाटते. टोके पार काळी पडली असतील, तर आतल्या तारांवरचा लेप उडून गेला आहे आणि नळीचे दिवस भरले आहेत. काहीच हालचाल नसेल, तर होल्डर, जोड आणि अखेर चोक. हे निदान वैद्याच्या नाडीपरीक्षेइतके शिस्तशीर होते, पण ते करणाऱ्यांतल्या बहुतेकांनी विजेचे शास्त्र शिकलेले नव्हते.

पावसाळ्यात एक निराळा प्रकार होई. दमट हवेत नळीच्या काचेवर ओलाव्याचा पातळ थर धरतो, विजेचे क्षेत्र विस्कटते आणि नळी पेटायला कुरकुरते. ओट्यावरच्या नळीवर शिवाय फोडणीच्या तेलाचा आणि रॉकेलच्या स्टोव्हच्या काजळीचा चिकट लेप. कोरड्या फडक्याने ती पुसली की बहुधा पेटे. पुष्कळांना आठवत असेल, की नळीवरून नुसता हात फिरवला तरी ती उजळे. त्यात अंधश्रद्धा नव्हती. माणसाचे शरीर जमिनीशी जोडलेल्या वाहकासारखे काचेजवळ येते आणि प्रवाह सुरू व्हायला मदत होते. कंदिलाची काच राखेने पुसणारी मुलगी आणि मेनस्विच बंद करून ट्यूब फडक्याने पुसणारी तिची सून यांच्या कामात जितका खंड दिसतो, तितका तो नाही. उजेडाचे साधन बदलले. काजळी तीच राहिली, आणि ती पुसणारा हातही घरातल्या बाईचाच राहिला. स्टुलावर चढून स्टार्टर बदलण्याचे काम मात्र लवकरच पुरुषांचे मानले गेले. कष्टाची निगा बाईकडे आणि नजरेत भरणारी दुरुस्ती बाप्याकडे, ही वाटणी विजेने निर्माण केली नाही, पण मोडलीही नाही.

या कोपऱ्यातल्या उजेडाची सर्वांत अधिक गरज कोणाला होती, याचे उत्तर खानावळवालीकडे जाते. गिरणगावात कुटुंब गावी ठेवून आलेले पुरुष हजारोंनी होते. शिरास यांच्या पाहणीत ६०३ एकटे पुरुष वेगळे मोजले गेले ते त्यामुळेच. त्यांना जेवू घालणाऱ्या बाया आपल्याच खोलीत खानावळ चालवत. पहिली पाळी सकाळी सातची. डबा त्याआधी तयार हवा. म्हणजे चूल पहाटे पेटली पाहिजे, भाकऱ्या अंधारात थापल्या पाहिजेत. दुसऱ्या पाळीचे गडी मध्यरात्री परतत. गिरणीतले दिवे पाळी लांबवत होते, रात्रपाळी शक्य करत होते आणि त्या पाळीचे अन्न मात्र मिणमिणत्या वातीपुढे शिजत होते. इतिहासात ‘रात्रपाळी’ हा गिरणीचा विषय म्हणून येतो. तो तितकाच चुलीचा विषय आहे. संपाच्या काळात पैसे थकले तरी ताट न अडवणाऱ्या या बायांना सावकाराच्या कचाट्यातून सोडवून बँकेचे कर्ज मिळवून देण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. चाळीच्या खोलीतला स्वयंपाकाचा कोपरा हा कामाचा कारखाना आहे, ही गोष्ट त्या निमित्ताने बँकेच्या कागदावर आली.

अशा घरात ट्यूब बंद पडणे ही गैरसोय नसून खाडा होता. म्हणून दुरुस्ती ताबडतोब हवी. ती परवडत होती, कारण ट्यूब हे एक यंत्र नसून वेगळे करता येणाऱ्या चार भागांची जुळणी होती : नळी, स्टार्टर, चोक, पट्टी. यांतला जो भाग सर्वांत वारंवार बिघडतो तोच सर्वांत स्वस्त, आणि त्याला ना पान्हा लागतो ना पक्कड. दोन बोटांनी फिरवला की निघतो. स्टार्टर कोपऱ्यावरच्या दुकानात मिळे आणि त्या दुकानात तो येई लोहार चाळीतल्या विजेच्या सामानाच्या घाऊक बाजारातून. गंमत अशी, की लोहार चाळ क्रॉफर्ड मार्केटपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, म्हणजे १८८२ च्या त्या दिव्यांच्या शेजारीच.

हिशेबही ट्यूबच्या बाजूचा होता. चाळीस वॉटची नळी तेवढ्याच वॉटच्या बल्बच्या साधारण पाचपट उजेड देते आणि त्याहून कित्येक पट टिकते. तांब्याच्या चोकमध्ये दहा-बारा वॉट वाया जातात हे खरे. तरी हजार तासांत ट्यूबला साधारण पन्नास युनिट लागत आणि शंभर वॉटच्या बल्बला शंभर. टोकरशी जिवराज रस्त्यावरच्या स्वान मिलसारख्या गिरण्यांतून काम करणाऱ्यांना हा हिशेब समजावून सांगावा लागत नसे. गिरणीच्या वीज खात्यातला माणूस चाळीत राहत असेल, तर त्याच्याकडे टेस्टर, पक्कड आणि चोक जोडण्याचे कसब असे. कारखान्यात यंत्रासाठी शिकलेली विद्या अशा वाटेने चाळीच्या जिन्यावरून वर आली.

तिच्याबरोबर एक वाईट सवयही आली. स्टार्टर नसला, तर काही जण त्याच्या जागच्या दोन तारांची टोके क्षणभर एकमेकांना टेकवून दूर करत, नळी पेटे. तत्त्व अमेरिकी रेंजवरच्या बटणाचेच, पण उघड्या तारांनी, ओल्या मोरीशेजारी, स्टुलावर उभे राहून. बटणाच्या आत झाकलेली ठिणगी येथे बोटांशी उडे. जुगाडाचे कौतुक करणाऱ्यांनी हा प्रकार कौतुकाच्या यादीतून वगळावा आणि कोणीही तो करून पाहू नये.

भाषेनेही या यंत्राची नोंद घेतली. उशिरा समजणाऱ्या माणसाला ‘ट्यूबलाइट’ म्हणतात आणि त्याला समजले की ‘ट्यूब पेटली’ म्हणतात. हे दोन्ही शब्दप्रयोग स्टार्टरच्या त्या दोन-तीन सेकंदांतून आलेले आहेत. ज्यांनी फडफडणारी ट्यूब कधी पाहिलेली नाही, अशी मुलेही आज ते वापरतात.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकेक करून मिटत गेल्या. खानावळींचे गिऱ्हाईक पांगले. रॉकेलच्या स्टोव्हची जागा गॅसच्या शेगडीने घेतली. मुंबईत बर्मा शेलने १९५५ मध्ये ‘बर्शेन’ या नावाने आणलेले सिलिंडर चाळीच्या खोलीत पोहोचायलाही बरीच वर्षे लागली होती. ट्यूब बारीक झाली, चाळीस वॉटची छत्तीस झाली. मग इलेक्ट्रॉनिक चोक आला : वजनाला हलका, गुणगुणत नाही, स्टार्टरची गरज नाही. बिघडला तर मात्र उघडून पाहण्यासारखे त्यात चाळकऱ्यासाठी काही नव्हते. एलईडीने उरलेला प्रश्न मिटवला. पट्टी, दिवा आणि चोकचे काम करणारा भाग सगळे एकाच अंगात. गेले की सगळेच जाते. वीज निम्मी लागते, पारा नाही. हा फायदा मोठा आहे आणि तो नाकारण्यात अर्थ नाही : फुटक्या नळ्यांतला पारा शेवटी कचरा वेचणाऱ्यांच्या श्वासात जात होता. २०२३ मध्ये मिनामाता कराराच्या जिनिव्हा येथील परिषदेत सरळ नळीच्या ट्यूबचे उत्पादन आणि व्यापार २०२७ पर्यंत थांबवण्याचे ठरले. भारत या करारात सामील आहे.

बी.डी.डी. चाळींपैकी वरळी, नायगाव आणि डिलाईल रोड येथे पुनर्विकास सुरू झाला आणि २०२५ मध्ये वरळीच्या पहिल्या रहिवाशांना नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. शिवडीच्या बारा इमारती पोर्ट ट्रस्टच्या जमिनीवर आहेत, म्हणून त्या रांगेत मागे राहिल्या. अशा जुन्या खोल्यांतून ओट्यावर आज नळीच्या आकाराची एलईडी दिसते. ती जुन्याच पट्टीत, जुन्याच होल्डरांमध्ये बसवलेली असते. त्यासाठी वायरमन चोकच्या तारा सोडवून वीज सरळ टोकाला जोडून देतो. तोडलेला चोक काढायची तसदी सहसा कोणी घेत नाही. काजळीने काळा झालेला तो लोखंडी ठोकळा पट्टीच्या पोटात तसाच राहतो आणि शेजारी स्टार्टरचे रिकामे भोक.